‘क्लिनिकल हिस्टरी’ची रिकामी चौकट: पुण्यातील डॉक्टरांना खुले पत्र

प्रति,
पुणे शहर व परिसरातील सर्व फॅमिली डॉक्टर आणि सल्लागार डॉक्टर यांस,

सविनय नमस्कार.

मी पुण्यातील पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ म्हणून 34 वर्षे काम करून निवृत्त झाले आहे. डीएमएलटी (लॅब तंत्रज्ञाची पदविका) करून नोकरीला लागले तेव्हा पेठेतल्या एका वाड्याच्या तळमजल्यावरील दोन खोल्यांत आमची लॅब होती. हिमोग्लोबिन साहलीच्या नळीतला रंग डोळ्यांनी जुळवून ठरवत असू आणि पांढऱ्या पेशी न्यूबाऊर चेंबर या रेघा आखलेल्या काचेवर एकेक करून मोजत असू. निवृत्त झाले तेव्हा हेच काम एक यंत्र मिनिटाभरात करत होते आणि आमच्यापेक्षा पुष्कळ अचूक करत होते. या बदलांविषयी माझी काहीच तक्रार नाही. मात्र याच काळात एक गोष्ट हळूहळू नाहीशी झाली आणि तिच्याविषयी कुणी बोलताना दिसत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. तपासणीच्या फॉर्मवर रुग्णाचे नाव, वय आणि ‘रेफर्ड बाय’ यांच्या खाली ‘क्लिनिकल हिस्टरी’ अशी एक चौकट छापलेली असते. ती चौकट रिकामी येते. आली भरून, तर तिच्यात ‘फीव्हर’, ‘रूटीन’ किंवा नुसती आडवी रेघ असते.

कट प्रॅक्टिस, तपासण्यांचे दर, गल्लोगल्ली निघालेली कलेक्शन सेंटरे या विषयांवर बोलणारे पुष्कळ आहेत आणि त्यांनी बोलावेच. मला फक्त त्या चौकटीबद्दल बोलायचे आहे.

पूर्वी चिठ्ठ्या यायच्या. छापील फॉर्म नसायचा, डॉक्टरांचे अक्षर कंपाउंडरखेरीज कुणाला लागायचे नाही, पण ते लागले की त्यात रुग्ण दिसायचा. ‘10 दिवस ताप, संध्याकाळी थंडी वाजून चढतो, प्लीहा हाताला लागते, मलेरियासाठी नीट पाहावे’ अशी एक ओळ असली की आम्ही स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब) वेगळ्या नजरेने पाहायचो. मलेरियाचे जंतू तांबड्या पेशींच्या आत असतात आणि रक्तात ते थोडे असतील तर शे-दोनशे फील्ड (सूक्ष्मदर्शकात एका वेळी दिसणारा भाग) पाहिल्यावर अंगठीच्या आकाराचा एखादा जंतू दिसतो. दिवसाला पन्नास-साठ स्मिअर समोर असताना प्रत्येकाची दोनशे फील्ड कुणीही पाहत नाही, आणि पाहते असे कुणी म्हणाले तर त्यावर विश्वास ठेवू नये. कोणत्या काचेवर वेळ घालवायचा हे ती चिठ्ठी सांगत असे. आज सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) यंत्रावर होते आणि मलेरियाचा परजीवी ओळखणे हे सीबीसीच्या नेहमीच्या यंत्राचे काम नव्हे. रुग्ण मलेरिया जास्त असलेल्या गडचिरोलीहून परवाच आला आहे ही गोष्ट तुमच्या केबिनमध्ये कळलेली असते, पण ती आमच्यापर्यंत आली नाही तर त्याचा स्मिअर इतरांसारखाच पुढे सरकतो.

निदान कसे होते हे तुम्हाला मी सांगणे म्हणजे गावच्या पुरोहिताला संध्या शिकवण्यासारखे आहे. दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न या तिन्हींनी रोग्याची परीक्षा करावी हे आपल्याकडे वैद्यांना फार पूर्वीपासून शिकवले जात होते. आधुनिक वैद्यकातही फार वेगळे घडत नाही. 1975 मध्ये ब्रिटनमधील काही डॉक्टरांनी बाह्यरुग्ण विभागात आलेल्या 80 नव्या रुग्णांच्या बाबतीत असे तपासून पाहिले की शेवटी ठरलेल्या निदानापर्यंत नेमके कशामुळे पोहोचता आले. त्यांपैकी 66 जणांच्या बाबतीत रुग्णाने सांगितलेली हकीकत आणि पाठवणाऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी एवढ्यावरच योग्य निदान झालेले होते. हाताने तपासल्यामुळे मत बदलले असे सात जण होते आणि लॅबच्या तपासण्यांमुळे बदलले असेही सातच. पन्नास वर्षांत तपासण्या वाढल्या, आकडे थोडेफार इकडेतिकडे झाले असतील. तरीही तुमच्या टेबलाशी बसून रुग्ण जे सांगतो त्याचे वजन आमच्या सगळ्या बल्बांपेक्षा (रक्ताच्या नळ्यांपेक्षा) जास्त असते, हे लॅबमध्ये आयुष्य घालवलेल्या बाईने मान्य करायला हरकत नसावी. ती हकीकत तुमच्या केसपेपरवर राहते आणि आमच्याकडे येते फक्त तीन मिलिलिटर रक्त.

याचा परिणाम काय होतो ते या शहराला नुकत्याच येऊन गेलेल्या एका अनुभवाच्या आधाराने सांगते.

जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेडगाव, धायरी, खडकवासला या पट्ट्यात गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे (शरीराची प्रतिकारशक्ती चुकून मज्जातंतूंवरच हल्ला करते तो विकार) रुग्ण एकापाठोपाठ एक सापडू लागले आणि काही आठवड्यांत संशयितांची संख्या दोनशेच्या वर गेली. एरवी हा विकार वर्षाला लाखात एक-दोघांना होतो. यात रोग कसा ओळखला गेला ते पाहण्यासारखे आहे. पायापासून वर चढत जाणारा अशक्तपणा, दोन्ही बाजूंना सारखा, आणि गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय न उडणे, या खुणा डॉक्टरांनी डोळ्यांनी आणि हातांनी पाहिल्या. 1916 मध्ये ज्या तीन फ्रेंच डॉक्टरांनी या विकाराचे वर्णन केले त्यांच्याकडेही हातोडी होती आणि पाठीतून पाणी काढायची सुई होती. त्या पाण्यात प्रथिने वाढलेली पण पेशी वाढलेल्या नाहीत, हे त्यांचे निरीक्षण आजही वापरले जाते. पण पाण्यातले प्रथिन पहिल्या आठवड्यात पुष्कळदा वाढलेले नसते. म्हणजे तिसऱ्या दिवशी काढलेले पाणी नॉर्मल आले तर त्याचा अर्थ एक आणि पंधराव्या दिवशी नॉर्मल आले तर अर्थ दुसरा. लॅबला दिवसच माहीत नसेल तर आकड्याखाली दोन शब्दांची टीप लिहिणेही शक्य होत नाही.

ज्या डॉक्टरांनी पुढचा एक प्रश्न विचारला त्यांच्यामुळे साथीचे मूळ सापडण्याची वाट उघडली: ‘या आधी जुलाब झाले होते का?’ अशा रुग्णांत जुलाबानंतर साधारण एक ते तीन आठवड्यांनी पाय जड होऊ लागतात, कारण कॅम्पायलोबॅक्टर जेजुनाय या जंतूच्या आवरणावरील काही रेणू आपल्या मज्जातंतूंवरील रेणूंसारखे दिसतात आणि जंतूवर सोडलेली प्रतिपिंडे चुकून मज्जातंतूंवर जातात. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत तपासलेल्या काही शौचाच्या नमुन्यांत हा जंतू आणि नोरोव्हायरस सापडला, आणि दूषित पाण्याकडे बोट वळले.

आता यात आमच्यासारख्या साध्या लॅबचे काय, असे तुम्ही विचाराल. शौचाचे कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) असा फॉर्म आला की आम्ही नमुना मॅककॉन्की या माध्यमाच्या आणि तशाच एक-दोन प्लेटांवर ओढतो, 37 अंशांवर ठेवतो आणि साल्मोनेला, शिगेला या नेहमीच्या जंतूंच्या वसाहती शोधतो. कॅम्पायलोबॅक्टर तिथे उगवत नाही. त्याला वेगळे माध्यम लागते, साधारण 42 अंश तापमान लागते आणि हवेतला ऑक्सिजन बराच कमी करावा लागतो. चौकट रिकामी असेल तर हे सारे करण्याचे कारणच लॅबकडे नसते. दोन दिवसांनी ‘रोगजंतू आढळले नाहीत’ असा रिपोर्ट जातो आणि तुम्ही तो ‘जंतू नाही’ असा वाचता. आमचे वाक्य खोटे नसते. जे शोधले ते सापडले नाही एवढेच ते सांगते. काय शोधले हे तुम्हाला माहीत नसते आणि काय शोधायला हवे होते हे आम्हाला माहीत नसते. ‘जुलाब 8 दिवसांपूर्वी, आता पाय लुळे’ एवढे लिहून आले असते तर ज्या लॅबमध्ये ही सोय नाही तिने निदान नमुना सोय असलेल्या ठिकाणी पाठवला असता.

पावसाळ्यात हा घोटाळा रोज होतो. ताप आला की दुसऱ्या दिवशी सीबीसी, मलेरिया, डेंगी, टायफॉईडची विडाल असा संच लिहिला जातो. यातली प्रत्येक तपासणी तापाच्या दिवसाशी बांधलेली आहे. डेंगीचा एनएस1 हा विषाणूचा अंश असल्याने तो सर्वसाधारणपणे पहिल्या पाच दिवसांत सापडतो आणि नंतर ओसरतो. आयजीएम प्रतिपिंडे त्याच सुमारास दिसू लागतात. (देशभरातील सरकारी केंद्रांना आयजीएम तपासणीचे (एलायझा) संच आपल्याच शहरातील विषाणू संस्थेतून जातात, हे पुणेकरांना फारसे माहीत नसते.) सातव्या दिवशी एनएस1 निगेटिव्ह येणे हे डेंगी नसल्याचे लक्षण नाही आणि दुसऱ्या दिवशी आयजीएम निगेटिव्ह येणे हेही नाही. त्यात 2024 च्या पावसाळ्यात एरंडवण्यापासून झिकाचे रुग्ण सापडू लागले, आणि झिका व डेंगी यांची प्रतिपिंडे एकमेकांच्या तपासणीत लुडबुड करतात. ताप आलेली स्त्री गरोदर आहे की नाही, हा एकच शब्द अशा वेळी पुढचा सगळा मार्ग ठरवतो. तो शब्दही फॉर्मवर नसतो.

विडालविषयी मात्र थोडे सविस्तर लिहिल्याशिवाय राहवत नाही. 1896 मध्ये फ्रान्समधील विडाल यांनी ही तपासणी मांडली तेव्हा तिच्यासारखे दुसरे काही नव्हते. रुग्णाच्या रक्तातील प्रतिपिंडांमुळे टायफॉईडचे जंतू एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात, त्या किती विरळ केलेल्या रक्तातही दिसतात ते पाहायचे, अशी ती साधी युक्ती आहे. पण जिथे टायफॉईड सतत असतो, तिथे निरोगी माणसाच्या रक्तातही थोड्या गुठळ्या होतातच. शिवाय प्रतिपिंडे तयार व्हायला सुमारे आठवडा लागतो. दुसऱ्या दिवसाच्या तापात विडाल पॉझिटिव्ह आली तर ती बहुधा जुन्या आठवणीची असते, आजच्या आजाराची नसते. मग घरोघरी ‘टायफॉईड निघाला’ असे सांगितले जाते, दहा दिवस औषध चालते, आणि तिसऱ्या दिवशी मुळात विषाणूचा असलेला ताप आपोआप उतरतो तेव्हा श्रेय औषधाला मिळते. खरे उत्तर पहिल्या आठवड्यात रक्ताच्या कल्चरमधून मिळते, तेही अँटिबायोटिक सुरू होण्याआधी रक्त घेतले तर. आमच्याकडे कल्चरची बाटली येते तेव्हा रुग्णाने तीन दिवस अझिथ्रोमायसिन घेतलेले आहे ही माहिती कधी कधी त्याची आई खुर्चीशेजारी उभी राहून सहज बोलून जाते म्हणून कळते. तिने सांगितले नाही तर पाच दिवसांनी ‘वाढ नाही’ असा रिपोर्ट जातो, आणि टायफॉईड नाही म्हणून तुम्ही दुसरीकडे शोधू लागता.

रुग्ण आमच्या खुर्चीत पुष्कळ बोलतात. दंडाला पट्टा बांधलेला असतो, सुईची भीती असते, आणि भीती घालवायला माणसे बोलतात. एकदा तिशीतल्या एका बाईंच्या थायरॉईड तपासणीत टीएसएचचा आकडा जवळजवळ शून्य आणि टी3, टी4 वर गेलेले आले. थायरॉईड फार जोरात चालते असा त्याचा सरळ अर्थ होतो, आणि त्यांच्या डॉक्टरांनी तसे औषध सुरू करण्याची तयारीही केली होती. दुसऱ्यांदा रक्त द्यायला आल्या तेव्हा केसांचा विषय निघाला आणि त्या म्हणाल्या, ‘गोळ्या घेतेय ना तीन महिने, आता जरा बरे आहेत.’ केसांच्या त्या गोळ्यांत बायोटिन होते. शरीराला दिवसाला 30 मायक्रोग्रॅमच्या आसपास बायोटिन पुरते आणि अशा गोळ्यांत ते 5 ते 10 मिलिग्रॅम असते. काही कंपन्यांच्या यंत्रांत हॉर्मोन मोजण्याची रीतच बायोटिनच्या चिकटण्यावर आधारलेली आहे, त्यामुळे रक्तात ते जास्त असेल तर टीएसएच खोटा कमी येतो आणि टी4 खोटा जास्त. गोळ्या काही दिवस बंद करून पुन्हा रक्त घेतले तेव्हा सारे नॉर्मल होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2017 मध्ये याबाबत इशारा दिला होता, कारण हृदयविकारात पाहिल्या जाणाऱ्या ट्रोपोनिनचा आकडाही याच कारणाने खोटा कमी येऊ शकतो. त्या बाईंचे नशीब, की त्या दिवशी आम्ही दोघी केसांवर बोललो.

औषधांचा हा एक नमुना झाला. दहा वर्षे मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध घेणाऱ्या शाकाहारी मधुमेह्याचे तळपाय बधिर होतात तेव्हा ते मधुमेहाने की बी12 कमी झाल्याने, हा प्रश्न तुमच्या मनात असतो. तो फॉर्मवर असेल तर आम्ही स्मिअरमध्ये पाच-सहा पाळ्यांच्या केंद्रकाच्या पांढऱ्या पेशी (बी12 कमी असल्याची खूण) मुद्दाम शोधतो. बी12 बरोबर लोहही कमी असेल तर (एकामुळे तांबड्या पेशी मोठ्या होतात, दुसऱ्यामुळे लहान) पेशींचा सरासरी आकार नॉर्मल दिसतो आणि यंत्राला काही वावगे वाटत नाही. एचबीए1सी (गेल्या काही महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) तर तांबड्या पेशीच्या 120 दिवसांच्या आयुष्यावरच उभा आहे. नुकताच रक्तस्राव झालेला किंवा रक्त चढवलेला रुग्ण असेल तर त्या आकड्याचा अर्थ लावताना जपूनच राहावे लागते.

आणखी एक प्रसंग सांगते. ऐन डेंगीच्या दिवसांत एका तरुणाचे प्लेटलेट यंत्राने 38,000 दाखवले. फॉर्मवर फक्त ‘सीबीसी’ लिहिले होते. पुढे रिपोर्ट तसाच गेला आणि रात्री त्याचे नातेवाईक रक्तपेढ्यांना फोन करत सुटले. सकाळी माझ्या हाती त्याचा स्मिअर आला तेव्हा काचेच्या टोकाला प्लेटलेटचे पुंजकेच्या पुंजके दिसत होते. काहींच्या रक्तात जांभळ्या झाकणाच्या इडीटीए (रक्त गोठू न देणारे रसायन) बल्बमध्ये प्लेटलेट एकमेकांना चिकटतात, आणि यंत्र त्या पुंजक्यांना प्लेटलेट म्हणून मोजत नाही. सायट्रेटच्या निळ्या बल्बमध्ये पुन्हा रक्त घेतले, द्रवामुळे होणाऱ्या फरकासाठी आकड्याला 1.1 ने गुणले, आणि प्लेटलेट दीड लाखाच्या वर निघाले. त्याला ताप नव्हताच. हर्नियाच्या शस्त्रक्रियेआधीची नेहमीची तपासणी होती ती. चूक आमची होती, स्मिअर रात्रीच पाहायला हवा होता, हे मी आजही मान्य करते. पण चौकटीत ‘हर्निया, ऑपरेशनपूर्वी, ताप नाही’ असे असते तर 38,000 हा आकडा पाहताच कुणाच्याही कपाळाला आठी पडली असती.

गाठींच्या तुकड्यांविषयी थोडक्यात लिहिते. मानेतली गाठ काढून ती सबंध फॉर्मालिनच्या (ऊती टिकवणाऱ्या द्रवाच्या) बाटलीत पाठवली की सूक्ष्मदर्शकाखाली टीबीसारखे चित्र दिसते, पण फॉर्मालिनमध्ये जंतू मरतात आणि कल्चर करता येत नाही. सीबीनॅट ही टीबीच्या जंतूची जनुकीय तपासणी करून रिफाम्पिसिन या औषधाला जंतू दाद देतात का हे पाहायचे असेल तर त्यासाठीही गाठीचा ताजा भाग लागतो. आधी नुसता फोन आला असता, ‘टीबीची शंका आहे’, तर आम्ही सलाईनची दुसरी बाटली आनंदाने पाठवली असती. अशा एका मुलीच्या मानेत पुन्हा सुई घालावी लागली.

एक कारण आमच्या स्वार्थाचे आहे तेही लपवत नाही. गोठ्यात काम करणाऱ्या, गुरांच्या प्रसूतीत हात घालणाऱ्या माणसाला आठवडेच्या आठवडे ताप येत असेल तर तो ब्रुसेलोसिस (गुरांपासून माणसाला होणारा जंतुसंसर्ग) असू शकतो. हा जंतू सावकाश वाढतो, आणि कल्चरच्या प्लेटवरून श्वासावाटे तंत्रज्ञाच्या अंगात जाण्यासाठी तो कुप्रसिद्ध आहे. ‘दुधाचा व्यवसाय’ हे दोन शब्द वाचले तर आम्ही ती प्लेट उघड्या टेबलावर हाताळणार नाही.

सामान्य मर्यादांविषयीही एक गोष्ट लक्षात आणून द्यावीशी वाटते, कारण ती रुग्णांना कुणी सांगत नाही. ‘नॉर्मल रेंज’ बहुधा अशी आखलेली असते की शंभर निरोगी माणसांपैकी 95 तिच्यात बसावीत. म्हणजे पाच निरोगी माणसे प्रत्येक तपासणीत बाहेर पडणारच. एकमेकांशी संबंध नसलेल्या 20 तपासण्या एका निरोगी माणसावर केल्या तर सगळ्या नॉर्मल येण्याची शक्यता फक्त 36 टक्के उरते. कर्वे रस्त्यावरच्या फलकांवर फुल बॉडी चेकअपचे पॅकेज जितके मोठे, तितके ठळक अक्षरांत छापलेले आकडे जास्त, हे साधे गणित आहे. त्या ठळक आकड्याला काही अर्थ आहे की नाही हे रुग्णाकडे पाहूनच ठरते, आणि रुग्णाला पाहिलेले असते तुम्ही.

तुमच्या बाजूचे म्हणणे मला माहीत आहे. सकाळच्या ओपीडीत साठ रुग्ण असतात, लिहायला वेळ नसतो, आणि अर्ध्या तपासण्या तर रुग्ण मोबाइलवरून परस्पर नोंदवतात. पण ‘ताप 6 वा दिवस, अझिथ्रो 3 दिवस घेतले, टायफॉईड?’ हे लिहायला जेवढा वेळ लागतो त्याहून जास्त वेळ तुमचा निरर्थक रिपोर्ट वाचण्यात आणि पुन्हा तपासणी सांगण्यात जातो. काहींनी मला असेही सांगितले आहे की शंका आधीच लिहून दिली तर लॅबवाले तेच शोधतील, मोकळ्या नजरेने पाहणार नाहीत. हा आक्षेप खरा आहे. त्यावर चांगले पॅथॉलॉजिस्ट काय करतात ते मी पाहिले आहे: आधी काच पाहतात, मनाशी मत ठरवतात, मग फॉर्म वाचतात, आणि दोन्ही जुळले नाही तर पुन्हा काच पाहतात. एचआयव्हीसारखी माहिती उघड कागदावर लिहू नये हेही योग्यच आहे; ती फोनवर थेट पॅथॉलॉजिस्टना सांगता येते.

दोष सगळा तुमच्याकडे आहे असेही माझे म्हणणे नाही. तुम्ही लिहिलेले काही वेळा कलेक्शन सेंटरवरच थांबते, कारण संगणकावर नोंद करणाऱ्या मुलाला नाव, वय आणि तपासणीचा कोड एवढेच भरायला सांगितलेले असते. बारकोड चिकटला की कागद फाइलला लागतो. तुम्ही लिहिलेली माहिती रिपोर्टच्या वरच्या भागात छापून परत यावी, असा आग्रह तुम्ही ज्या लॅबकडे रुग्ण पाठवता तिच्याकडे धरावा. ती छापून आली नाही तर वाचली गेली नाही असे समजून विचारणा करावी. लॅबला तुमच्या विचारणेचा धाक असतो, आमच्यासारख्यांच्या सूचनेचा नसतो.

तेव्हा विनंती एवढीच आहे की आजार कितव्या दिवसात आहे, कोणती औषधे चालू आहेत (केसांच्या, वजनाच्या आणि काढ्याच्या गोळ्यांसकट), आणि तुमच्या मनात काय आहे, एवढे त्या चौकटीत असावे. मराठीत लिहा, इंग्रजीत लिहा, अक्षर लागत नसेल तर आम्ही कंपाउंडरला फोन करून विचारू. चौकट लहान पडली तर फॉर्मच्या पाठीवर लिहिले तरी चालते. आणि लिहायला अगदीच सवड नसेल तर लॅबला फोन करावा. सकाळचे नमुने साधारण अकराला यंत्रावर चढतात, त्याआधी केलात तर बरे.

आपली नम्र,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन
पुणे